मराठवाड्यात राहून मनाचं मॉडेल बांधताना: कॉग्निटिव्ह सायन्सचा संगणकी मार्ग, पायरीपायरीने

मृग लागला की मराठवाड्यात दरवर्षी तोच पेच पडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तरी पहिल्या दोन सरींवर चाड्यावर मूठ धरणारे असतात, आणि शेजारचं रान हिरवं झालेलं पाहूनही थांबणारे असतात. मग पावसाचा खंड पडतो आणि कुणाच्या वाट्याला दुबार पेरणी येते. असं का होतं, हे पारावर कुणालाही विचारा: घाई, भीती, गेल्या साली आलेला अनुभव, बियाण्याची उधारी. कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं चालतं याचं शास्त्र, करणाऱ्याला मात्र इथेच थांबता येत नाही. गेल्या सालचा अनुभव यंदाच्या निर्णयात किती उतरतो? त्याआधीच्या पाच सालांचं वजन त्याच्या तुलनेत किती? याचं उत्तर इतकं नेमकं मांडावं लागतं की ते संगणकावर चालवून बघता येईल. चाललं नाही, तर आपण अजून नुसतं बोलतोय असं समजायचं.

हा लेख लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या त्या विद्यार्थ्यांसाठी आहे ज्यांना मन आणि संगणक या दोन्हींचं वेड आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. बीए मानसशास्त्रवाला असो की इंजिनिअरिंगचा, दोघांनाही चालेल. साधा लॅपटॉप आणि अधूनमधून मिळणारं इंटरनेट एवढं पुरतं.

एक मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी डीप लर्निंगचा कोर्स, मग ट्रान्सफॉर्मर (चॅटबॉटमागची रचना), मग 'आता याने मनाचा अभ्यास कसा करू?' असा शोध. त्यातून प्रोजेक्ट होतात, पण मनाबद्दल काही कळत नाही. आधी माणसाचं एखादं लहानसं, मोजता येईल असं वागणं धरा. त्यावर दोन आकड्यांचं मॉडेल बांधा. मोठी यंत्रं नंतर.

मॉडेल कशाचं, हे आधी ठरवा

११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेत एमआयटीमध्ये एका परिसंवादात नेवेल आणि सायमन यांनी तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम मांडला, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की व्याकरणावर बोलले आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी माणसाच्या अल्पकालीन स्मृतीला किती मावतं ते सांगितलं. मिलर पुढे हाच दिवस कॉग्निटिव्ह सायन्सचा जन्मदिवस मानत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डार्टमथला कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली परिषद भरली होती. म्हणजे ही दोन शास्त्रं जवळजवळ जुळी आहेत.

पण त्यांचे प्रश्न वेगळे. कृत्रिम बुद्धिमत्तेला काम झालं की पुरे. आपल्याला ते माणसासारखं झालं का, हे पाहायचं असतं. त्यामुळे आपल्या मॉडेलची खरी परीक्षा ते किती बरोबर येतं यात नसते. माणूस जिथे चुकतो तिथेच, आणि तशाच प्रकारे, ते चुकतं का यात असते. शंभर टक्के अचूक मॉडेल आपल्या दृष्टीने नापास असू शकतं. इंजिनिअरिंगकडून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

डेव्हिड मार यांनी दृष्टीच्या अभ्यासात वापरलेल्या तीन पातळ्या इथे कामी येतात. पहिली: मनासमोरचं गणित काय आहे? पेरणीच्या बाबतीत, अपुऱ्या माहितीवर 'आज की थांबू' हे ठरवणं. दुसरी: ते कोणत्या रीतीने सोडवलं जातं? जुन्या अनुभवांची सरासरी काढून, की फक्त शेवटचं साल आठवून? तिसरी: मेंदूत ते कशाने घडतं? वहीच्या पहिल्या पानावर या तीन ओळी लिहा आणि तुम्ही कोणत्या पातळीवर दावा करताय त्यावर खूण करा. पहिल्या प्रोजेक्टसाठी दुसरी पातळी बरी. तिसरीला यंत्रं लागतात, ती आपल्या कॉलेजांत नाहीत.

शिदोरी

इथे फार रेंगाळू नका. गणितात संभाव्यता नीट हवी: सशर्त संभाव्यता, बेजचा नियम, लॉगरिदम. बारावीचं डेरिव्हेटिव्ह आठवत असावं. मॅट्रिक्स गुणता आले की सध्या भागतं. पायथॉनमध्ये लूप, फंक्शन, फाइल वाचणं, नमपाय आणि पांडाज ही आकडेमोडीची साधनं एवढं आलं की कामाला लागा. उरलेलं गरजेप्रमाणे येतं. लॅपटॉप जुना असेल तर गूगल कोलॅब (ब्राउझरमध्येच पायथॉन चालवायची सोय) वापरा, पण लाइट गेली की सेशन तुटतं, म्हणून निकाल दर टप्प्यावर ड्राइव्हमध्ये साठवत जा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. २०२० पासून चालणाऱ्या न्यूरोमॅच अकॅडमीचं संगणकी न्यूरोसायन्सचं सगळं साहित्यही खुलं आहे.

गणितवाल्यांकडून दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे प्रयोगाची शिस्त. कशाची तुलना कशाशी, कोणता घटक स्थिर ठेवायचा, क्रम कसा बदलायचा. कॉलेजात मानसशास्त्र विभाग असेल तर तिथल्या प्रात्यक्षिकांना जाऊन बसा. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग, म्हणजे 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा, स्वतःवर करून पाहा. यंत्राच्या आधी माणूस मोजता आला पाहिजे.

पहिला प्रयोग: मोंढ्यातले दोन आडते

पेरणीचा निर्णय वर्षातून एकदाच होतो, त्यामुळे त्यातून आकडे जमायला आयुष्य जाईल. म्हणून तोच सांगाडा एका खेळात उतरवू.

पडद्यावर दोन आडते दिसतात, डावा आणि उजवा. प्रत्येक फेरीत माल कुणाकडे न्यायचा ते कळ दाबून निवडायचं. मग दिसतं: 'चांगला भाव' म्हणजे १ गुण, किंवा 'पडेल भाव' म्हणजे ०. एक आडत्या दहांपैकी सात वेळा चांगला भाव देतो, दुसरा तीन वेळा. कोण कसा, हे खेळणाऱ्याला सांगायचं नाही. आणि ४० ते ६० फेऱ्यांच्या दरम्यान कधीतरी, काही न सांगता, दोघांची अदलाबदल करायची. एकूण १०० फेऱ्या. माणूस पाचसात मिनिटांत मोकळा होतो.

अदलाबदलीतच सगळी मजा आहे. जो ताज्या अनुभवाला फार वजन देतो तो बदल लगेच पकडतो, पण त्याआधी एखाददुसऱ्या पडेल भावानेही विनाकारण उड्या मारत असतो. जो जुन्या हिशोबाला धरून असतो तो पहिल्या अर्ध्यात स्थिर, दुसऱ्या अर्ध्यात मार खातो. एकाच गुणाची ही दोन फळं आहेत, आणि तो गुण आपल्याला आकड्यात पकडायचा आहे.

खेळ बनवायला जेएससायक हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन किंवा पायसायकोपी घ्या. प्रत्येक फेरीची एक ओळ साठवा: फेरी क्रमांक, निवड, मिळालेला गुण, लागलेला वेळ. डावा-उजवा कोण चांगला हे माणसागणिक बदला, नाहीतर उजव्या हाताची सवय तुमच्या निकालात घुसेल.

मॉडेल आधी एक्सेलमध्ये

रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये प्राण्यांच्या शिकण्यावर एक नियम मांडला. आपल्या खेळासाठी तो असा होतो:

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + अल्फा × (जे मिळालं − जुनी अपेक्षा)

कंसातल्या फरकाला अंदाजातली चूक म्हणतात. अल्फा हा शिकण्याचा वेग, ० ते १ च्या मधला. हाताने करून बघा. अपेक्षा ०.५ आहे, अल्फा ०.२ आहे, चांगला भाव मिळाला: चूक ०.५, नवी अपेक्षा ०.६. पुढच्या फेरीत पडेल भाव: चूक उणे ०.६, अपेक्षा उतरून ०.४८. आता हेच अल्फा ०.८ घेऊन करा: ०.५ वरून ०.९, आणि तिथून थेट ०.१८. दोन फेऱ्यांत दोन वेगळी माणसं उभी राहिली.

अपेक्षेवरून निवड कशी होते? त्यासाठी दुसरा आकडा, बीटा. डाव्याबद्दलची अपेक्षा ०.६ आणि उजव्याबद्दलची ०.४ असेल, तर बीटा ५ असणारा माणूस सुमारे ७३ टक्के वेळा डावा निवडेल. बीटा १ असणारा जेमतेम ५५ टक्के. सूत्राला सॉफ्टमॅक्स म्हणतात: १ भागिले (१ अधिक ई चा उणे बीटा × फरक एवढा घात). बीटा मोठा म्हणजे माणूस आपल्या हिशोबाला चिकटून. लहान म्हणजे 'बघू तिकडेही काय मिळतं' म्हणणारा. हे चंचलपण नेहमी वाईटच असतं असं नाही. कधीच न बघणाऱ्याला आडत्या बदलल्याचं कळणारच नाही.

हे सगळं एक्सेलच्या चारपाच स्तंभांत मावतं. पायथॉन येत असलं तरी एकदा शीटमध्येच करा. प्रत्येक ओळीत आकडा कसा सरकतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे मॉडेल अंगात भिनत नाही.

एवढ्या साध्या सूत्रापासून मेंदूपर्यंत वाट जाते. शुल्ट्झ, डायन आणि माँटॅग्यू यांनी १९९७ मध्ये दाखवलं की माकडाला अनपेक्षित रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी जोरात पेटतात. आधी इशारा देत गेलं तर त्या रसाऐवजी इशाऱ्यावर पेटू लागतात. आणि इशारा देऊन रस दिलाच नाही तर नेमक्या त्या क्षणी मंदावतात. अंदाजातली चूक, तीच, पेशींच्या भाषेत. ज्या गणितातून हे उलगडलं ते सटन आणि बार्टो यांनी प्राण्यांच्या शिकण्याच्या मानसशास्त्रातून घडवलं होतं. त्यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला मोठा मान, मिळाला. म्हणजे रिइन्फोर्समेंट लर्निंग, मिळालेल्या फळावरून शिकत जाण्याची ही रीत, मानसशास्त्राने कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलेली गोष्ट आहे. बीए मानसशास्त्रवाल्यांनी संगणकवाल्यांसमोर दबून जायचं कारण नाही.

माणसं बोलावण्याआधी खोटी माणसं चालवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सर्वांत जास्त शिकवते तीच.

तुमचं मॉडेलच खेळाडू म्हणून बसवा. अल्फा ०.१ पासून ०.९ पर्यंत, बीटा १ पासून १० पर्यंत असे दोनशे बनावट खेळाडू तयार करा आणि त्यांना १०० फेऱ्या खेळवा. मग त्यांचे खरे अल्फा-बीटा झाकून ठेवा, आणि फक्त निवडी पाहून ते परत शोधायचा प्रयत्न करा. खरा अल्फा आडव्या अक्षावर, शोधलेला उभ्या अक्षावर. ठिपके तिरप्या रेषेजवळ जमले तर पुढे जा. विखुरले, तर तुमच्या खेळातून अल्फा कळूच शकत नाही, आणि खरी माणसं बसवली असती तरी कळला नसता. मग फेऱ्या वाढवा, ७०-३० ऐवजी ८०-२० करा, किंवा अदलाबदल दोनदा करा. हा बदल आत्ता फुकट आहे. चाळीस जणांना बसवून झाल्यावर नाही.

बीटा फार लहान असलेल्या खेळाडूंचा अल्फा सापडत नाही, हेही इथेच दिसेल. कारण उघड आहे: जो जवळपास नाणं उडवूनच निवडतो, त्याच्या निवडीत त्याच्या शिकण्याचा माग राहत नाही. अशा माणसाच्या अल्फावर पुढे कुठलाही निष्कर्ष बांधू नका.

जुळवणी आणि प्रतिस्पर्धी

आता खरी माणसं. वर्गातले, वसतिगृहातले तीसचाळीस जण पहिल्या अभ्यासाला पुरेत. प्रत्येकाच्या प्रत्येक फेरीसाठी मॉडेलला विचारा: त्याने जे निवडलं त्याची तू किती शक्यता धरली होतीस? त्या शक्यतेचा नैसर्गिक लॉग घ्या, सगळ्यांची बेरीज करा, चिन्ह उलटवा. ही संख्या जितकी लहान तितकं मॉडेल बरं. सायपाय या पायथॉनच्या साधनातलं मिनिमाइझ फंक्शन ती लहान करणारे अल्फा आणि बीटा शोधून देतं. एकाच ठिकाणाहून सुरू केलं तर ते खड्ड्यात अडकू शकतं, म्हणून दहावीस वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा आणि सर्वांत कमी आलेलं उत्तर घ्या.

एक आकडा लक्षात ठेवा: ६९.३. काहीही न शिकता, दर फेरीला अर्धी-अर्धी शक्यता धरणारं मॉडेल १०० फेऱ्यांत एवढा गुण घेतं, कारण २ चा नैसर्गिक लॉग ०.६९३ आहे. तुमचं मॉडेल याच्या खाली गेलंच पाहिजे, आणि थोडंथोडकं खाली जाऊनही भागत नाही. दोन आकडे मोकळे सोडल्याचा दंड भरावा लागतो. बीआयसी या मापात १०० फेऱ्यांसाठी दर मोकळ्या आकड्यामागे ४.६ दंड आहे आणि त्यात तुमची बेरीज दुप्पट करून मिळवतात. हिशोब केला तर जिंकायला तुमची बेरीज साधारण ६४.७ च्या खाली हवी.

एवढ्यावरही थांबू नका. एकटं मॉडेल जुळलं याला फार अर्थ नसतो. कुणाला तरी हरवून जुळलं पाहिजे. एक सोपा प्रतिस्पर्धी उभा करा: भाव मिळाला तर त्याच आडत्याकडे, नाही मिळाला तर दुसऱ्याकडे, आणि कधीमधी चूक. यात सरासरी नाही, आठवण फक्त एका फेरीची. आणखी एक: चांगल्या आणि वाईट अनुभवासाठी वेगवेगळे अल्फा. तुमच्या माणसांत कोण कुठल्या मॉडेलचं निघतं ते बघा. काही जण एकाचे, काही दुसऱ्याचे निघतील. सगळ्यांची सरासरी काढून 'माणूस असा वागतो' म्हणायचा मोह होतो; तशी वागणारी एकही व्यक्ती तुमच्या चाळीस जणांत नसणं सहज शक्य आहे.

शेवटी जिंकलेल्या मॉडेलला परत खेळवा आणि अदलाबदलीनंतरच्या दहा फेऱ्यांत त्याची वक्ररेषा माणसांच्या रेषेशी ताडून पाहा. बीआयसी चांगला आणि रेषा वेगळी असं झालं, तर रेषेवर विश्वास ठेवा.

दुसरा मार्ग: देवनागरी वाचणारा डोळा

ज्यांना भाषेत रस आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे आयती खाण आहे, आणि तिथे गर्दी नाही. २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. तरी वाचनाच्या मानसशास्त्रातलं बहुतेक ज्ञान इंग्रजीवर उभं आहे.

'शिवार' हा शब्द घ्या. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. 'बाजार'मध्ये असा उलटफेर नाही. हिंदी वाचकांवरच्या अभ्यासात अशा वेलांटीची किंमत वेळेत मोजावी लागते असं आढळलं आहे. मराठीत ते करून पाहणं एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे. पडद्यावर अक्षरसमूह दाखवा; शब्द असेल तर एक कळ, नसेल तर दुसरी. एका गटात शिवार, विमान, निकाल. दुसऱ्यात बाजार, सामान, पगार. निरर्थक शब्द बनवताना 'बाठार'सोबत 'शिघार'सारखेही घ्या. वेलांटी फक्त खऱ्या शब्दांतच ठेवली तर लोक न वाचताच वेलांटी पाहून कळ दाबायला शिकतील.

शब्दांची वारंवारता दोन्ही गटांत सारखी हवी, आणि इथे मराठी हिसका दाखवते. 'बाजार', 'बाजारात', 'बाजाराला', 'बाजारातून' यांना एक शब्द धरायचं की चार? सामान्यरूपाने मूळ रूपच बदलतं, त्यामुळे मजकुरात नुसतं शोधून मोजता येत नाही. दोन्ही प्रकारे मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पुण्याच्या एलथ्रीक्यूबचा महाकॉर्पस आणि मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारतचे संग्रह मोफत मिळतात. लांबी मोजतानाही सांभाळा: पायथॉनला 'क्षत्रिय'ची लांबी विचारली तर ८ सांगतं, कारण हलन्त आणि मात्रा ते सुटे मोजतं. वाचणाऱ्याला तिथे तीनच अक्षरं दिसतात. जोडाक्षर एक धरणारा छोटासा नियम स्वतः लिहा.

साधारण पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका चित्रामागे १६.७ मिलिसेकंद. मोबाइलच्या स्पर्शाचा उशीर प्रत्येक हँडसेटला वेगळा. म्हणून सगळ्यांना एकाच लॅपटॉपवर बसवा.

आता मॉडेलचा फायदा बघा. समजा वेलांटीचे शब्द हळू वाचले गेले. नुसत्या सरासरी वेळेवरून एवढंच कळतं. रॅटक्लिफ यांचं १९७८ चं डिफ्यूजन मॉडेल मात्र निर्णयाला पुरावा साठत जाण्यासारखं बघतं आणि वेळेचे तुकडे पाडतं: पुरावा साठण्याचा वेग, कळ दाबण्याआधी किती पुरावा मागायचा ती उंबरठ्याची उंची, आणि निर्णयाबाहेरचा वेळ, म्हणजे अक्षरं डोळ्यांत भरणं आणि बोट हलणं. वेलांटीने वाढलेला वेळ पहिल्या तुकड्यात गेला तर शब्द ओळखणंच अवघड होतंय. तिसऱ्यात गेला तर अडचण फक्त डोळ्यांनी टिपण्यात आहे. वाचायला अडखळणाऱ्या मुलांना कशी मदत करायची याची उत्तरं या दोन परिस्थितींत वेगळी निघतील.

मोठी भाषिक मॉडेलं कुठे बसतात

इथपर्यंत आलात तरच इथून पुढे या.

भाषिक मॉडेल, म्हणजे चॅटबॉटच्या पोटातलं शब्दांचा अंदाज करणारं यंत्र, दर शब्दाला एक शक्यता देतं. तिचा २ च्या पायावरचा उणे लॉग म्हणजे त्या शब्दाचा धक्का. शक्यता १/८ असेल तर धक्का ३ बिट. जॉन हेल (२००१) आणि रॉजर लेव्ही (२००८) यांचं म्हणणं असं की वाचताना माणसाला लागणारा वेळ या धक्क्याच्या प्रमाणात वाढतो. हे मराठीत तपासायला झकास जागा म्हणजे भूतकाळातलं सकर्मक क्रियापद, कारण ते कर्त्याचं न ऐकता कर्माशी जुळतं. 'शेतकऱ्याने ज्वारी पेरली.' आता मध्ये एक पुल्लिंगी नाम घुसवा: 'शेतकऱ्याने ज्वारी कापूस विकून झाल्यावर पेरली, असं सरपंच म्हणाले.' मॉडेल 'पेरली' आणि 'पेरला' यांना किती किती शक्यता देतं? 'कापूस' मध्ये आल्यावर तो फरक कमी होतो का? मग हीच वाक्यं माणसांना शब्दागणिक स्पेसबार दाबत वाचायला द्या आणि 'पेरला'वर ते अडखळतात का ते मोजा. 'असं सरपंच म्हणाले' ही शेपटी उगाच नाही. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर वाचणारा तसाही रेंगाळतो, म्हणून क्रियापद शेवटी सोडायचं नाही.

दोन खबरदाऱ्या. बर्टच्या धाटणीचं मॉडेल पुढचे शब्दही बघून अंदाज करतं. माणूस तसं वाचत नाही. म्हणून डावीकडून उजवीकडे चालणारं, जीपीटीच्या धाटणीचं मॉडेल घ्या. दुसरं, मराठी शब्दांचे मॉडेल अनेक तुकडे पाडतं. शब्दाचा धक्का म्हणजे त्याच्या सगळ्या तुकड्यांच्या धक्क्यांची बेरीज.

चॅटबॉटलाच प्रयोगात माणसाच्या जागी बसवायची सध्या फॅशन आहे. मला त्यात फारसा दम वाटत नाही. गाजलेले प्रयोग आणि त्यांची उत्तरं त्याने प्रशिक्षणात वाचलेलीच असतात, आणि कंपनीने आवृत्ती बदलली की तुमचा निकाल पुन्हा काढता येत नाही. शिवाय अशा मॉडेलच्या पोटात लाखो कोटी शब्द गेलेले असतात. २०२३ पासून चालणारी बेबीएलएम स्पर्धा म्हणूनच १० कोटी आणि १ कोटी शब्दांची मर्यादा घालते. लहान मूल जेवढं ऐकतं त्याच्या आसपास. एक कोटी मराठी शब्दांवर छोटं मॉडेल शिकवून त्याला 'पेरली-पेरला' कळतं का पाहणं, हा एमएस्सीचा उत्तम विषय आहे.

माणसांशी वागणं

कॉलेजची एथिक्स समिती असेल तर तिची परवानगी आधी घ्या. नसेल तर विभागप्रमुखांकडून लेखी घ्या आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाळा. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल असं. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. फाइलमध्ये नाव नको, फक्त क्रमांक.

भाषेची चौकशी नीट करा. देगलूरचा मुलगा घरी तेलुगू बोलत असेल, उदगीरची मुलगी कन्नड, तांड्यावरचा बंजारा, संभाजीनगरातला दखनी. 'मातृभाषा मराठी' एवढा एक रकाना यातलं काहीच सांगत नाही. मात्र दोन भाषा येणाऱ्यांचं लक्ष जास्त तीक्ष्ण असतं वगैरे दावे उचलून धरू नका. त्यावर अजून जोरात वाद चालू आहे.

पुढे कुठे

नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि या विषयातही ते सोयीचं आहे. हैदराबाद विद्यापीठात सेंटर फॉर न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस आहे आणि ट्रिपलआयटी हैदराबादला कॉग्निटिव्ह सायन्सची प्रयोगशाळा. कानपूर आयआयटीत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, गांधीनगर आणि दिल्ली आयआयटीत एमएस्सी आहे, अलाहाबाद विद्यापीठातलं केंद्र २००२ पासून चालू आहे. भाषेकडे ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज बघा. प्रवेशाच्या अटी दर वर्षी हलतात, संकेतस्थळावरच वाचा. २०२१ पासून गेट या प्रवेशपरीक्षेत मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचा पेपर आहे, त्यात मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र घेता येतं.

प्राध्यापकांना मेल लिहिताना 'मला एआय आणि मेंदूची आवड आहे' असं लिहू नका, तसे मेल रोज येतात. चार ओळी पुरतात: प्रश्न काय होता, किती जणांना बसवलं, कोणतं मॉडेल कोणाकडून हरलं, आणि कुठल्या जागी मॉडेल माणसांपासून फुटलं. सोबत अदलाबदलीनंतरच्या दहा फेऱ्यांचा आलेख आणि कोडची लिंक जोडा. विषयाच्या ओळीत तुमचा प्रश्नच लिहा.